आबासाहेब, मेड इन चायना

मानवत,
गुरुवार, सकाळी साडेदहा
(कॉलेजच्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकून घरी बसलो आहे)

तीर्थरूप किशनकाका यांच्या पायांवर डोके ठेवून पुतण्या गोपाळ याचा नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांची प्रकृती विचारायची रीत आहे. पण आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे पाथरीच्या रंगनाथमामांनी परवा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून फोनवर कळवले, तेव्हा ते विचारणे आता वरवरचे दिसेल. मामा आपल्याकडे दुखवट्याला आले होते. सोबत रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी होती, चेहरा पडलेला होता आणि दारात बोलायचे चार शब्द त्यांनी गंगाखेडपासून जीपमध्ये जुळवत आणले होते. ज्यांचा दुखवटा त्यांनीच दार उघडून "या, बसा" म्हटल्यावर त्या चार शब्दांचे काय करायचे हे मामांना सुचले नाही. मला फोनवर म्हणाले, "गोपाळ, किशनराव सवता दार उघडायलेत की. म्या काय बोलावं?" मग त्यांनी म्हणे चहा घेतला, पावसापाण्याचे बोलले, टॉवेल-टोपी बाजेवर ठेवली (आणलेला आहेर माघारी नेत नाहीत) आणि पाणंदीने पाथरीची जीप धरली.

हा प्रकार का घडला हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. फोन आपण आमचा उचलत नाही, ते बरोबरच आहे. पण चाळीस वर्षे राणीसावरगावचे डाकघर सांभाळलेला माणूस तिकीट लावलेले पत्र न वाचता ठेवणार नाही, असा आईचा अंदाज आहे. दुसरा हेतू नाही. बाबांचे वर्षश्राद्ध बरोबर अठरा दिवसांवर आले आहे, पण त्याला या असे मी लिहिणार नाही, कारण आईने तसे बजावून ठेवले आहे. ती म्हणाली, "समदं लिही, पण या म्हनू नको. त्यायला वाटलं तर येतील." म्हणून मी कुठेही तसे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात आपल्याला टॉवेल-टोपी मिळाली आणि वऱ्हाडाच्या जीपच्या ड्रायव्हरला पूर्ण पोशाख मिळाला, हे मी उकरून काढत नाही. इतकेच म्हणतो की दुसऱ्या कुणाच्या घरी असे झाले असते तर लोक चूक झाली म्हणून हसले असते. पण भावकीतल्या प्रत्येक लग्नाची आहेराची यादी बाबांच्या हातची असायची आणि आबासाहेबांची यादी चुकत नाही असे मानवत ते गंगाखेड सगळे धरून चालायचे. त्यामुळे सख्ख्या भावाच्या ताटात टॉवेल-टोपी पडली ती मुद्दामच, असे आपल्यासकट सगळ्यांनी ठरवले. बाबांनी त्यावर एक अक्षर काढले नाही. आपण त्या दिवसापासून आमचा उंबरा ओलांडला नाही, आणि गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा आलात, निंबाखाली मागे उभे राहिलात आणि पाणी न घेता परत गेलात. आईने ते पाहिले होते. असो.

आता मूळ विषय. वर्षश्राद्धाला बाबांच्या नावाने काहीतरी वाटायचे हे नक्की होते. आमच्या घरात या कामाचा अनुभव फक्त घेण्याच्या बाजूचा आहे. आईच्या मांडणीवर एकोणीस तांबे आणि सात डबे आहेत, सगळ्यांवर कुणाकुणाची नावे कोरलेली. सकाळचा चहासुद्धा आमच्याकडे कुणाच्या तरी स्मरणार्थच होतो. साखर एका मास्तरांच्या आठवणीत असते आणि चहापत्ती सेलूच्या एका आजीच्या. आई नावानेच डबे ओळखते. ("मास्तर संपत आलेत, उद्या आणा," असे तिने म्हटले की साखर आणायची.) त्यामुळे आम्हीही तांबे-डबेच वाटले तर बाबा कुणाच्या तरी घरी चहापत्ती होतील, हे मला सहन होईना. मी हे सविताच्या भावाजवळ, म्हणजे बालाजीजवळ, बोललो. ही माझी पहिली चूक.

बालाजीचे पाथरीत मोबाइलचे दुकान आहे. दुकान लहान आहे, पण त्याचे विचार मोठे असतात. तो म्हणाला, "दाजी, तांबे कोन वापरायलंय आता? टॅबलेट वाटू." मला वाटले, गोळ्या म्हणतो आहे, पण वाटले तसे नव्हते. पाटीएवढा मोबाइल असतो तो. अर्धे नातेवाइकांना द्यायचे आणि अर्धे बाबा ज्या शाळेत शिकले तिथल्या मुलांना, म्हणजे पोरे अभ्यास करतील आणि प्रत्येक वेळी उघडताना बाबांचे नाव दिसेल. चीनमधल्या शेनझेन गावी कारखाने आहेत, ते पितळी घागरीच्या भावात एक टॅबलेट देतात, आणि पन्नास नग घेतले तर मागच्या बाजूला हवे ते नाव आणि खोक्यावर व सुरू होताना पडद्यावर हवा तो फोटो फुकट घालून मिळतो. तांब्यावर नाव कोरायला आपला कासार अक्षरामागे पैसे घेतो. चिनी माणूस फोटोसुद्धा फुकट घालतो म्हटल्यावर मलाही ते पटले. सविताला पटले नव्हते, पण भाऊ तिचा असल्याने ती गप्प बसली, आणि आता तेच ती मला रोज ऐकवते.

कारखान्याच्या वतीने बोलायला एक बाई होत्या. त्यांनी नाव व्हिवियन सांगितले. त्या चिनीत लिहायच्या, बालाजीचा फोन त्याचे मराठी करायचा, आम्ही मराठीत लिहायचो आणि फोन त्याचे काय करायचा ते त्यांनाच माहीत. पहिला प्रश्न आला, "प्रिय मित्रा, तुमच्या ब्रँडचे नाव काय?" बालाजीने लिहिले, ब्रँड नाही, दाजींचे वडील आहेत, आबासाहेब. उत्तर आले, "खूप छान नाव. वडिलांची विक्री कोणकोणत्या देशांत आहे?" बाबा नांदेडच्या पुढे आयुष्यात एकदाच गेले होते, तेही हैदराबादला, डोळ्याच्या ऑपरेशनला. मी तसे लिहायला सांगितले. बाईंनी अंगठा पाठवला.

पुढे बॅटरी ठरवायची वेळ आली. मी विचारले, बॅटरी किती मोठी आहे? व्हिवियनबाईंनी उलट विचारले, "लेबलवर किती छापू?" मी म्हणालो, आत आहे तेवढी छापा. त्यावर त्यांनी आधी एक प्रश्नचिन्ह पाठवले. नंतर लिहिले की तसे याआधी कुणी मागितलेले नाही, त्यासाठी वेगळे लेबल करावे लागेल आणि त्याला जास्त दिवस लागतील. वर्षश्राद्ध जवळ येत होते. म्हटले, जे छापता तेच छापा.

आमची खात्री व्हावी म्हणून एके दिवशी दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळा कारखाना फिरवून दाखवला. आईला मुद्दाम बसवले होते. काका, मला वाटले होते की तिथे धूर वगैरे असेल, भट्टी असेल. तसे काही नाही. लांबच लांब टेबले आणि दोन्ही बाजूंनी टोप्या घातलेल्या पोरी बसलेल्या. आपल्या पंगतीत जसा एक वाढपी फक्त मीठ-लिंबू वाढत जातो, दुसरा फक्त वरण आणि तिसरा बुंदी, आणि पूर्ण ताट कुणीच वाढत नाही, तसे तिथे चालते. एक पोरगी पाठीचा साचा पुढे सरकवते, दुसरी त्यात हिरवी पट्टी बसवते (सगळी बुद्धी म्हणे त्या पट्टीत असते), तिसरी बॅटरी चिकटवते, चौथी काचेला डिंकासारखे काही लावून वर ठेवते आणि पाचवी ते गरम यंत्रात दाबते. स्क्रू फिरवणारी पोरगी तर आमच्याकडे बघत बघत फिरवत होती, चुकली नाही. आईने मध्येच विचारायला लावले की त्या पोरींचे जेवण झाले का. व्हिवियनबाई म्हणाल्या, झाले, भात आणि कोबी. "वरन न्हाई?" आई म्हणाली. तेव्हापासून त्या टॅबलेटविषयी कुणी वाकडे बोलले की आई मधे पडते.

मी विचारले की काच इथे करता का? नाही, काच दुसऱ्या कारखान्यातून येते. हिरवी पट्टी? ती तिसऱ्याकडून. बॅटरी चौथ्या गावाहून. पाठीचा साचा सगळ्यांचा एकच, गल्लीतले पंधरा कारखाने तोच वापरतात, वर नाव तेवढे ज्याचे त्याचे. मग तुम्ही काय बनवता? बाई म्हणाल्या, "आम्ही वेळेवर देतो." मला हे एकदम ओळखीचे वाटले. आपल्या जिनिंगमध्येही बारा गावांचा कापूस एका ढिगात पडतो आणि गाठीवर शिक्का मालकाचा बसतो. शेवटी त्यांनी एक घडवंची दाखवली, तीवर शेकडो टॅबलेट उभे केलेले आणि सगळ्यांवर एकच नाचाचा सिनेमा लावलेला. चार तास तो चालू ठेवतात आणि तोवर जो बंद पडत नाही तो पास. बालाजीने विचारले, सगळेच तपासता ना? उत्तर आले, "दहातला एक. बाकीचे त्याचे भाऊ आहेत." (हे फोनने केलेले मराठी आहे. पण मला त्यात काही चुकीचे दिसले नाही.)

मग फोटो. बाबांचे फोटो तीनच. आधार कार्डावरचा, पण आधार कार्डावरचा फोटो कुणाचाच नसतो. माझ्या लग्नातला, जेवणाच्या पंगतीनंतर काढलेला, त्यात त्यांचे तोंड कसे आहे ते आपल्याला सांगायला नको. आणि तिसरा बाजार समितीच्या ओळखपत्रावरचा, फेटा, पांढऱ्या मिशा, आणि कुणीतरी कापसात पाणी मारून आणले आहे असे पाहणारी नजर. मी तिसरा मोठा करून पाठवला. आठ दिवसांनी व्हिवियनबाईंचा निरोप आला, "हा गृहस्थ नाराज आहे. ग्राहक घाबरतील. आमच्या मुलाने दुरुस्त केले आहे. मोफत." सोबत फोटो होता, पण बालाजीने तो फोनवर अंगठ्याएवढा पाहिला, पाहून छान म्हणाला आणि होकार कळवला. मला दाखवला नाही, कारण त्या दिवशी मी कॉलेजात परीक्षेच्या फॉर्मांत गुंतलो होतो.

माल मुंबईच्या विमानतळावर सोळा दिवस राहून गेल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टने मानवतला आला. आईने पहिला खोका दारातच थांबवून ओवाळला, तो उघडून आतल्या टॅबलेटला हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. मग आम्ही खोका नीट पाहिला. काका, खोक्यावर आपण होतात.

म्हणजे बाबाच होते, पण त्या मुलाने मिशा काळ्या केलेल्या, कपाळाच्या आठ्या पुसलेल्या, रंग दोन हात उजळवलेला आणि ओठांची दोन्ही टोके धरून वर ओढलेली. बाबांना हसवले की किशनकाका होतात हे आम्हाला एवढ्या वर्षांत माहीतच नव्हते, कारण तसे करून पाहायची वेळ आली नव्हती. फोटोखाली "कै. आबासाहेब यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ" असे छापायला दिले होते. चिनी यंत्राला आपली अक्षरे झेपली नाहीत. काने एकीकडे, मात्रा दुसरीकडे, शेवटचा रफार फेट्याजवळ गेलेला. सगळ्यात नीट वाचता येण्याजोगे एकच आले, ते "कै." एवढे. टॅबलेटच्या मागच्या बाजूला मात्र इंग्रजीत आबासाहेब असे ठळक आणि त्याच्या बरोबर खाली मेड इन चायना. आपला मूळ वाडा राणीसावरगावचा हे आयुष्यभर ज्यांनी सोयऱ्यांना ठासून सांगितले, त्यांच्याबाबतीत हे व्हावे याचे मला वाईट वाटले. बालाजीला वाटले नाही. त्याने खोक्याचा फोटो काढला, "भावपूर्ण" असे लिहून स्टेटसला ठेवला आणि दुकानात गेला. संध्याकाळपर्यंत तो फोटो पाथरीपासून गंगाखेड तालुक्यापर्यंत पोचला होता. रंगनाथमामांचा चष्मा महिनाभर दुरुस्तीला आहे. त्यांनी हसरा चेहरा पाहिला, "कै." पाहिले आणि पेटीतून टॉवेल-टोपी काढली. आपल्याला टॉवेल-टोपी दुसऱ्यांदा मिळाली, तीही आमच्याच घरच्या कारणाने, यासारखे वाईट काही नाही हे मला कळते. पण या वेळी खरोखर कुणाच्या मनात काही नव्हते, हे सांगायलाच मी बसलो आहे.

पुढचे लवकर सांगतो. पहिला टॅबलेट सुरूच होईना, म्हणून मी तो बसस्टँडसमोरच्या नीलमकडे नेला. ही पोरगी डिप्लोमा करून आली आहे, मोबाइल दुरुस्त करते आणि गिऱ्हाइकाला बोलून घेते. तिने चार्जिंगच्या भोकात बारीक चिमटा घालून आधी हळद काढली, मग कुंकू काढले, मग एक अक्षत काढली, आणि विचारले, "सर, अजून काय काय वाहिलंय ते एकदाच सांगा." नंतर पाठ उघडून तिने मला आतले सगळे समजावले. बॅटरी बिस्किटाच्या लहान पुड्याएवढी, आणि तिच्या शेजारी एक लोखंडी पट्टी. ही कशाला? हातात घेतल्यावर जड लागावे म्हणून. (आपल्याकडे कापूस ओला करतात, तिकडे लोखंड घालतात.) हिरव्या पट्टीवर एका कंपनीचे नाव खोडून दुसरीचे छापलेले आणि त्यावर तिसरीचा कागद. साठवणीची चिप जुन्या फोनातून काढून पुन्हा बसवलेली. पडद्यावर जेवढी जागा दाखवते तिच्या आठव्या हिश्शाएवढीच आत आहे आणि ती भरली की नवा फोटो ठेवताना जुना गुपचूप जातो. मी कपाळाला हात लावला. नीलम म्हणाली, "सर, वस्तू खरी हाय. वर लिवलेलं तेवढं खोटं हाय."

आई माझ्यासोबत आली होती, बाकावर बसून सगळे ऐकत होती. तिने एकच विचारले, जुने फोटो जातात तर मग सुरू होताना येतात ते आबासाहेबही जातील का? नीलमने सांगितले की तो फोटो वेगळ्या कप्प्यात असतो, बाकी सगळे पुसले तरी तो जात नाही. आईने टॅबलेट पदरात गुंडाळला आणि दुरुस्ती पुरे म्हणाली.

आता रोज सकाळी चहा झाला की आई तो टॅबलेट घेऊन ओट्यावर बसते आणि बाजूचे बटण दाबते. आधी एक चिनी बाई आतून काहीतरी म्हणते (आई तिला "हाव" म्हणून उत्तर देते), आणि मग बाबा येतात, हसत. बालाजीच्या दुकानातला महाग टॅबलेट म्हणे दहा सेकंदांत उघडतो. हा मठ्ठ आहे, याला पाऊण मिनिट लागते. तेवढा वेळ बाबा पडद्यावर असतात. मग ते जातात आणि चौकोनी चित्रे येतात, त्यांच्याशी आईला देणेघेणे नाही. ती बंद करते आणि पुन्हा सुरू करते. असे पाऊण तास झाले की बॅटरी संपते आणि ती भाजी निवडायला उठते. मी परवा म्हणालो की आई, फोटो बिघडवला त्यांनी, मी तक्रार करतो, दुसरा पाठवतील. ती म्हणाली, "बिघडला कुठं? अकरा वर्साखाली असेच दिसायचे की. दोघं बी." हे ऐकल्यावर तक्रारीचा कागद मी फाडून टाकला. काका, लग्नानंतरच्या दहा वर्षांत बाबा हसले नाहीत ही गोष्ट घरात राहून माझ्या लक्षात आली नव्हती, ती चीनमधल्या एका मुलाच्या आली.

बाकी पन्नासपैकी तीस-बत्तीस चालू होतात. तेच वाटायचे ठरवले आहे. शाळेच्या गुरुजींना मी सगळे खरे सांगितले, तर ते म्हणाले, पाऊण तास चालला तरी पुष्कळ, आमचा तासही तेवढाच असतो. इकडे शेतात तूर बरी आहे, सविता बरी आहे, आईचे गुडघे थंडीपुरते कुरकुरतात. वर्षश्राद्धाला या असे मी म्हटलेले नाही, हे शेवटी पुन्हा लिहितो. काकूंना नमस्कार, आणि आपण सुखरूप असल्याचा मला झालेला आनंद रंगनाथमामांच्या धक्क्यापेक्षा मोठा आहे, हे मानावे.

आपला
गोपाळ

ता. क. मामांनी ठेवलेली टॉवेल-टोपी रीतीने पाहता आमची आहे, कारण माणूस आमच्या घरचे गेले. ती टपालाने पाठवू नये, गहाळ होते. आपल्याला हे जास्त माहीत आहे.

ता. क. दुसरा. जिंतुराहून आणि सोनपेठहून आणखी दोघांचे आपल्याकडे दुखवट्याला निघायचे चालले आहे. मी फोनवर नाही म्हणून सांगितले, तर ते म्हणाले, घरचे असेच म्हणतात. अठरा दिवसांनी सगळी भावकी मानवतला एका जागी जमणार आहे. तिथे सगळ्यांनी आपल्याला एकदम पाहिले तर बरे होईल, असे सविता म्हणते. सविताला आईने काही बजावलेले नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे याच्यासाठी आहे. लग्नातली ती यादी बाबांच्या हातची नव्हती. मला नुकतीच ऑफिसात नोकरी लागली होती, कॉम्प्युटर आला होता, आणि बाबांची हाताने लिहिलेली यादी मी हौसेने त्यावर उतरवून छापून दिली. आपण घरचे म्हणून आपले नाव शेवटी होते आणि त्याच्या खाली ड्रायव्हर. नावांपुढच्या रकान्यात शेवटच्या दोन ओळी माझ्याकडून वरखाली झाल्या. बाबांनी ते त्याच दिवशी पकडले. मी सांगायला निघालो तर त्यांनी हात धरला, म्हणाले, नवरदेव हायस, आज तुझं नाव खाली जाऊ द्यायचं न्हाई, यादी माझी हाय तर चूक बी माझी. नंतर दिवस गेले, मग वर्षे गेली, आणि आता सांगायला मी उशीर केला, काका. पोटात वस्तू खरी होती, वर लिहिलेले तेवढे खोटे होते.

लग्नानंतर आठव्या दिवशी बाबांनी आपल्यासाठी पूर्ण पोशाख घेतला, धोतर, फेटा आणि सदरा शिवून. आई म्हणते, तीनदा राणीसावरगावला निघाले आणि गंगाखेडच्या स्टँडवरून माघारी आले. तो ट्रंकेत आहे, काल उन्हात घातला. शिवताना त्यांनी शिंप्याला स्वतःचेच माप दिले होते, दोघा भावांचे एकच आहे म्हणून. आता अकरा वर्षांत आपले अंग कमी-जास्त झाले असेल, तर माप कळवावे, असे मी आईच्या सांगण्यावरून लिहिणार होतो. पण शिंपी अजून तोच आहे, आणि तो म्हणतो, पत्रातल्या मापावर मी सुई लावत नसतो, माणूस समोर उभा पाहिजे.